विषाणुजन्य अर्बुदे व लक्ष्यवेधी औषधोपचार

विषाणूच्या संसर्गामुळे कोशिकांची अनिर्बंध वाढ होऊन शरीरात ज्या गाठी उद्‌भवतात, त्यांना विषाणुजन्य अर्बुदे म्हणतात. यांपैकी काही अर्बुदे निरोगी माणसात क्वचितच आढळतात. परंतु एचआयव्हीचा संसर्ग झालेले रुग्ण, मूत्रपिंडासारख्या इंद्रियाचे प्रतिरोपण केलेले रुग्ण आणि जन्मतः प्रतिरक्षा दुर्बल असलेली बालके यांच्यात त्यांचे प्रमाण अनेक पटींनी वाढते. अर्बुदाच्या वाढीस कारणीभूत असलेला विशिष्ट रेणू किंवा विशिष्ट कोशिका हेरून केवळ तिच्यावरच आघात करणाऱ्या औषधयोजनेस लक्ष्यवेधी उपचार अशी संज्ञा आहे. सर्वच वेगाने वाढणाऱ्या कोशिका नष्ट करणाऱ्या जुन्या रासायनिक उपचारांहून ही पद्धती तत्त्वतः भिन्न आहे. या उपचारांचा इतिहास गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील विषाणुविज्ञान, प्रतिरक्षाविज्ञान व औषधनिर्मिती या तीन शास्त्रांच्या संगमाचा इतिहास आहे. महाराष्ट्राचा या इतिहासाशी दुहेरी संबंध येतो. मुंबई येथील प्रयोगशाळांनी त्याच्या प्रारंभकाळात भर घातली, तर मराठवाड्यातील बीड व त्यास लागून असलेला धाराशिव या जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग किती होतो, याची कसोटी लागली.

पूर्वपीठिका : अर्बुद संसर्गामुळे होऊ शकते ही कल्पना दीर्घकाळ त्याज्य मानली जात होती. अमेरिकन शास्त्रज्ञ पेटन राऊस यांनी १९११ मध्ये कोंबडीच्या अर्बुदाचा कोशिकारहित निस्यंद दुसऱ्या कोंबडीत टोचून तेथे तसेच अर्बुद निर्माण करून दाखविले. या शोधाचे महत्त्व पटण्यास अर्धशतक लागले व राऊस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये. दरम्यान १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी उंदराच्या मादीच्या दुधातून पिलांकडे जाणारा व पुढे स्तनार्बुद उत्पन्न करणारा घटक वर्णिला. हा घटक विषाणू असल्याचे पुढे निश्चित झाले. मानवातील पहिला अर्बुदकारक विषाणू १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये सापडला. डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकांनी १९५८ मध्ये आफ्रिकेतील मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका लसीकार्बुदाचे वर्णन केले होते. त्याच्या कोशिकांत अँथनी एपस्टाइन, बर्ट आचाँग व इव्हॉन बार यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून जो विषाणू दिसला, त्यास एपस्टाइन–बार विषाणू हे नाव मिळाले. जगातील बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात हा विषाणू जन्मभर सुप्तावस्थेत असतो. तो क्वचितच अर्बुदास कारण होतो, याचे श्रेय प्रतिरक्षेच्या अखंड पहाऱ्यास द्यावे लागते. हा पहारा ढिला पडला म्हणजे काय होते, ते पुढे एड्‌सच्या साथीत दिसून आले.

महाराष्ट्रातील संशोधन : मुंबईत २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले व त्याच्या प्रयोगशाळांची धुरा विकृतिविज्ञ वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्याकडे आली. मुंबईतील निरनिराळ्या धर्मांच्या व समाजांच्या लोकांत कर्करोगाचे प्रकार व प्रमाण भिन्न असते, ही गोष्ट त्यांनी साधार मांडली. गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्व समाजांत सारखा आढळत नाही, या निरीक्षणाचा पूर्ण अर्थ विषाणूचा शोध लागल्यावर उलगडला. १९५२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली.

याच केंद्रात पुण्याच्या कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी भारतातील पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळविली व नंतर बॉल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केले. गाय यांनीच १९५१ मध्ये हेन्‍रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातून ‘हीला’ हा अखंड वाढणारा कोशिकावंश मिळविला होता. या कोशिकांत मानवी पॅपिलोमा विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार असल्याचे पुढे आढळून आले. मुंबईस परतल्यावर रणदिवे यांनी उंदरांतील स्तनार्बुदाचा अभ्यास करून आनुवंशिक प्रवणता, हॉर्मोने व अर्बुदविषाणू यांचा परस्परसंबंध दाखविला. विषाणू एकट्याने कर्करोग घडवीत नाही, आश्रयदात्या शरीराची अवस्थाही निर्णायक असते, हा या संशोधनाचा इत्यर्थ होता. पुढील सर्व लक्ष्यवेधी उपचारांचा पाया हाच आहे. रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण हा सन्मान देण्यात आला.

एचआयव्ही व प्रतिरक्षेचा ऱ्हास : ३ जुलै १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २६ तरुण पुरुषांत कापोसी मांसार्बुद आढळल्याचे जाहीर केले. व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ मोरित्स कापोसी यांनी १८७२ मध्ये वर्णिलेला हा रोग तोपर्यंत वृद्धांच्या पायांवर सावकाश वाढणारे जांभळे चट्टे म्हणून परिचित होता. तो एकाएकी तरुणांत उग्र रूपाने दिसू लागला, हे एड्‌सच्या साथीचे एक आद्य चिन्ह ठरले. १९९४ मध्ये युआन चँग व पॅट्रिक मूर या दांपत्याने या अर्बुदातून मानवी नागीण-विषाणूंच्या गटातील आठवा विषाणू शोधून काढला. त्यांच्याच प्रयोगशाळेत २००८ मध्ये मर्केल कोशिकांच्या त्वचार्बुदामागील पॉलिओमा विषाणूचा शोध लागला.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये मद्रास (चेन्नई) येथे सिद्ध झाला. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) यांनी आपल्या विद्यार्थिनी एस. निर्मला यांच्याकडून शंभर स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा करविले. वेल्लोर येथील तपासणीत त्यांपैकी सहांत संसर्ग असल्याचे आढळले. सॉलोमन यांनी १९९३ मध्ये आपल्या वडिलांच्या नावे रुग्णसेवा केंद्र काढले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले व २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. पुणे येथे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्‌स संशोधन संस्था स्थापन झाली.

भारतीय रुग्णांत कापोसी मांसार्बुद आफ्रिकेच्या मानाने फारच विरळ आढळते, कारण त्याचा विषाणू येथे कमी प्रमाणात आहे. उलट गर्भाशयमुखाचा कर्करोग येथे पूर्वीपासूनच मोठ्या प्रमाणावर होता. एचआयव्हीचा संसर्ग असलेल्या स्त्रियांना त्याचा धोका इतर स्त्रियांच्या सु. सहापट असतो. हाराल्ट त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये या रोगाशी मानवी पॅपिलोमा विषाणूच्या १६ व १८ या प्रकारांचा संबंध दाखविला व त्याबद्दल त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९९३ पासून गर्भाशयमुखाच्या पसरलेल्या कर्करोगाची गणना एड्‌सनिदर्शक रोगांत होऊ लागली.

अर्बुदनिर्मितीची प्रक्रिया : हे विषाणू आपल्या वाढीसाठी कोशिकेची यंत्रणा ताब्यात घेतात. पॅपिलोमा विषाणूची दोन प्रथिने कोशिकाविभाजनास आवर घालणारी नैसर्गिक प्रथिने निकामी करतात. एपस्टाइन–बार विषाणू बी-लसीका कोशिकांना सतत विभाजनाचे संकेत देतो. कापोसी मांसार्बुदाचा विषाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तरकोशिकांत ‘एमटॉर’ या प्रथिनाचा संकेतमार्ग उत्तेजित करतो व नव्या रक्तवाहिन्यांची वाढ घडवून आणतो. निरोगी शरीरात टी-लसीका कोशिका अशा संसर्गित कोशिका ओळखून नष्ट करतात. एचआयव्ही या टी-कोशिकांचाच नाश करतो, तर प्रतिरोपणानंतर दिली जाणारी औषधे त्यांना बुद्ध्या दाबून ठेवतात. म्हणून उपचाराची दोन अंगे संभवतात : प्रतिरक्षा पुन्हा उभी करणे आणि विषाणूने उघडलेला संकेतमार्ग बंद करणे.

औषधांचा इतिहास : पहिल्या अंगाचा आरंभ १९९६ मध्ये झाला. तीन किंवा अधिक विषाणुरोधी औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाल्यावर पाश्चात्त्य देशांत कापोसी मांसार्बुदाचे प्रमाण झपाट्याने घटले व सुरुवातीच्या अवस्थेतील चट्टे पुष्कळदा अन्य उपचारांवाचून नाहीसे होऊ लागले. परंतु ही औषधे अतिशय महाग होती. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषधसंस्थेचे यूसुफ हमीद यांनी तीन औषधांचा संच सेवाभावी संस्थेस दिवसाला एक डॉलरहून कमी किंमतीत देऊ केला आणि गरीब देशांतील उपचारांचे अर्थकारणच बदलले. भारत शासनाने १ एप्रिल २००४ पासून अधिक प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला; त्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. २०१७ पासून रक्तातील टी-कोशिकांची संख्या कितीही असली, तरी निदान होताच औषधे सुरू करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले.

दुसऱ्या अंगाचा इतिहास पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावरील मातीपासून सुरू होतो. १९६४ मध्ये तेथे गेलेल्या कॅनडाच्या वैद्यकीय मोहिमेने गोळा केलेल्या मातीच्या नमुन्यांतून माँट्रिऑल येथील आयर्स्ट प्रयोगशाळेत एका सूक्ष्मजंतूपासून कवकनाशक द्रव्य मिळाले. बेटाच्या ‘रापा नुई’ या स्थानिक नावावरून त्यास रापामायसीन म्हणण्यात आले. त्याचेच आजचे नाव सिरोलिमस होय. हे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविणाऱ्या गटाचे प्रमुख सुरेंद्रनाथ सेहगल (१९३२–२००३) हे बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले भारतीय शास्त्रज्ञ होते. द्रव्याचे वर्णन १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते प्रतिरक्षा दाबते असे दिसल्याने कवकनाशक म्हणून ते मागे पडले. संस्थेने हे काम थांबविले असतानाही सेहगल यांनी सूक्ष्मजंतूचे संवर्धन जपून ठेवले व काही वर्षांनी संशोधन पुन्हा सुरू करण्यास वरिष्ठांना राजी केले. १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड-प्रतिरोपणासाठी या औषधास मान्यता मिळाली. हे औषध ज्या प्रथिनास रोखते त्यास ‘सस्तन प्राण्यांतील रापामायसीनचे लक्ष्य’ या अर्थी एमटॉर हे नाव पडले. म्हणजे येथे औषध आधी सापडले व लक्ष्य नंतर.

सिरोलिमसचा विशेष असा की, ते प्रतिरक्षा दाबीत असूनही काही अर्बुदांची वाढ रोखते. २००५ मध्ये इटलीतील वैद्यांनी कापोसी मांसार्बुद झालेल्या १५ मूत्रपिंड-प्रतिरोपित रुग्णांना सायक्लोस्पोरिनऐवजी सिरोलिमस दिले. तीन महिन्यांत सर्वांचे त्वचेवरील चट्टे नाहीसे झाले व प्रतिरोपित मूत्रपिंडही टिकले. एपस्टाइन–बार विषाणूमुळे अरेखित स्नायूंत होणारी अर्बुदे याहूनही दुर्मिळ होत. एड्‌सग्रस्त बालकांत व प्रतिरोपित रुग्णांत ती असल्याचे १९९५ मध्ये विषाणूच्या पुराव्यासह सिद्ध झाले. यकृत, फुप्फुस, मेंदूची आवरणे अशा अनेक ठिकाणी ती एकाच वेळी उद्‌भवतात व प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे निर्माण झालेली असू शकते. या अर्बुदांतही एमटॉर मार्ग सक्रिय असल्याचे दिसल्यावर सिरोलिमसचा वापर सुरू झाला व काही रुग्णांत गाठी आक्रसल्या. मात्र रुग्णसंख्या अत्यल्प असल्याने मोठ्या तुलनात्मक चाचण्या होऊ शकल्या नाहीत. उपलब्ध ज्ञान तुटक रुग्णवृत्तांतांवर आधारलेले आहे.

अन्य लक्ष्यवेधी उपचारांत बी-लसीका कोशिकांवरील विशिष्ट प्रथिनास चिकटणारे रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड १९९७ मध्ये उपलब्ध झाले व प्रतिरोपणोत्तर लसीकार्बुदांत उपयोगी ठरले. प्रतिरक्षेवरील अवरोध दूर करणाऱ्या ॲव्हेलुमॅब या प्रतिपिंडास २०१७ मध्ये मर्केल अर्बुदासाठी, तर पोमॅलिडोमाइड या गोळीस २०२० मध्ये कापोसी मांसार्बुदासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. एपस्टाइन–बार विषाणूविरुद्ध तयार केलेल्या दात्याच्या टी-कोशिकांचा उपचार डिसेंबर २०२२ मध्ये यूरोपीय संघात मान्य झाला.

मर्यादा : ही औषधे निर्धोक नाहीत. सिरोलिमसमुळे जखमा भरण्यास विलंब लागतो, तोंडात व्रण होतात व रक्तातील मेद वाढतो. एचआयव्हीवरील रिटोनाविर हे औषध यकृतातील विघटन रोखून सिरोलिमसची रक्तातील पातळी धोकादायक प्रमाणात वाढविते, तर क्षयरोगावरील रिफाम्पिसीन ती निष्प्रभ होण्याइतकी घटविते. क्षयरोग हा भारतीय एचआयव्ही-रुग्णांचा नित्याचा सोबती असल्याने ही अडचण येथे विशेष जाणवते. औषधाची रक्तातील पातळी मोजण्याची सोय, ऊतकपरीक्षा करणारा विकृतिविज्ञ आणि गाठीत विषाणू आहे की नाही हे ठरविणारी कसोटी ही तीन साधने नसतील, तर लक्ष्यवेधी औषध हाती असूनही लक्ष्य अज्ञात राहते.

बीड व शेजारचा प्रदेश : बीड जिल्हा पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडतो. येथील लक्षावधी स्त्री-पुरुष दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. रोज नियमाने घ्यावयाच्या विषाणुरोधी औषधांच्या दृष्टीने हे स्थलांतर मोठा अडथळा आहे. मात्रा चुकत गेल्या, तर विषाणू औषधांना दाद देईनासा होतो व प्रतिरक्षा पुन्हा ढासळते. त्यामुळे एकाच वेळी काही महिन्यांची औषधे देण्याची पद्धत अशा रुग्णांना विशेष उपयुक्त ठरते. जिल्ह्यात अंबाजोगाई येथे १९७४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. बीडजवळील पाली येथे ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था एचआयव्हीसंसर्गित मुलांचा सांभाळ करते.

या प्रदेशाच्या कर्करोगविषयक माहितीचा मुख्य आधार सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील ग्रामीण कर्करोग नोंदणी हा होय. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या नोंदणीत बार्शी तालुक्याबरोबर परांडा व भूम हे तालुकेही होते. भूम तालुका बीड जिल्ह्यास भिडलेला आहे. ग्रामीण स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्राबल्य या नोंदणीने आकड्यांनिशी दाखविले. त्यापुढील पाऊल म्हणजे तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील तपासणी-चाचणी. टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना तीत सामावून घेतले. गावांचे ५२ समूह चार गटांत विभागून तीन गटांत अनुक्रमे पॅपिलोमा विषाणूची कसोटी, कोशिकापरीक्षा व ॲसिटिक अम्ल लावून केलेली दृश्य तपासणी या पद्धती वापरण्यात आल्या. चौथ्या गटास नेहमीचीच सेवा मिळाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषाणूची कसोटी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांत ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणुतपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, ही गोष्ट जगभरच्या आरोग्यधोरणांना दिशा देणारी ठरली. चौथ्या गटास तपासणीपासून दूर ठेवण्यावर मात्र नैतिक आक्षेपही घेण्यात आले.

याच काळात बीड जिल्ह्यात याच्या नेमके उलट चित्र निर्माण झाले. अंगावर पांढरे जाणे, पोटदुखी अशा तक्रारींवर तपासणीऐवजी गर्भाशयच काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया वाढत गेल्या. त्यांमागे कर्करोगाची भीती हे एक कारण होते, तर मासिक पाळीमुळे कामाचे दिवस व मजुरी बुडू नये ही निकड दुसरे. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची, म्हणजे सहांतील सुमारे एकीची, ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पुढे अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकाची पूर्वपरवानगी आवश्यक करण्यात आली. विषाणूचा संसर्ग आहे की नाही हे पाहण्याची साधी कसोटी शेजारच्याच जिल्ह्यात यशस्वी झालेली असताना बीडमधील स्त्रियांना त्याच रोगाच्या भयाने निरोगी अवयव गमवावा लागला. लक्ष्य न शोधता केलेल्या उपचाराची ही किंमत होय.

सद्यःस्थिती : प्रतिरक्षान्यून रुग्णांतील विषाणुजन्य अर्बुदांच्या उपचारात आज तीन पायऱ्या मानल्या जातात. पहिली प्रतिबंधाची. पुण्याच्या सीरम संस्थेने बनविलेल्या पॅपिलोमा विषाणूवरील लशीस जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळाली व जानेवारी २०२३ मध्ये ती उपलब्ध झाली. दुसरी पायरी वेळीच निदान करण्याची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचआयव्हीसंसर्गित स्त्रियांची तपासणी २५ व्या वर्षापासून सुरू करून दर तीन ते पाच वर्षांनी करण्याची शिफारस केली. तिसरी पायरी प्रत्यक्ष उपचारांची. तीत प्रतिरक्षा सावरणे हा प्रथमोपचार असून दुर्मिळ अर्बुदांत त्याच्या जोडीला लक्ष्यवेधी औषध दिले जाते. सिरोलिमससारखी औषधे थोड्या रुग्णांचे प्राण वाचवितात. परंतु त्यांच्या शोधातून निघालेले तत्त्व सर्वांना लागू पडते. रोगाचे नेमके कारण ओळखल्यावाचून उपचार नेमका होत नाही, आणि ते ओळखण्याची सोय मुंबईच्या प्रयोगशाळेत जितकी आवश्यक आहे तितकीच ऊसतोड कामगारांच्या गावातील आरोग्यकेंद्रातही आहे.